गाठीचे मोजमाप आणि शस्त्रक्रियेचा संकेतांक

शरीरावर उठणाऱ्या गाठींना लोकभाषेत नावांची वाण नाही. कातडीवरच्या बारीक उठावाला मराठीत चामखीळ म्हणतात. मानेवर किंवा पाठीवर वर्षानुवर्षे मुक्काम करून राहिलेल्या, न दुखणाऱ्या मऊ गोळ्याला आवाळू म्हणतात, आणि ज्याविषयी निश्चित काहीच सांगता येत नाही ती नुसती ‘गाठ’ होय. म्हैसूरच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या कन्नड भाषेत अशा गोळ्याला ‘गेड्डे’ हा शब्द आहे, आणि सुरणासारख्या जमिनीखाली पोसणाऱ्या कंदालाही तोच शब्द वापरतात. तो समर्पक वाटतो. कंद वरून दिसत नाही, आणि तो जमिनीत किती खोल गेला आहे हे उकरल्यावाचून कळत नाही. गाठीचेही तसेच असते.

घरातल्या माणसाला यांतले कोणतेही नाव पुरते. रुग्णालयाला ते पुरत नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ, खर्च भागवणारी सरकारी योजना आणि कर्करोगाच्या नोंदी ठेवणारी संस्था हे चौघे एकमेकांना क्वचितच भेटतात. एकाच रुग्णाविषयी त्यांना एकच गोष्ट कळावी यासाठी आजाराचे आणि शस्त्रक्रियेचे वर्णन अंकाक्षरांच्या एका ठरीव संकेतात उतरवले जाते. हे काम वरवर कारकुनी वाटते. पण शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी एखादे मोजमाप घ्यायचे राहून गेले, तर पुढे कितीही हुशार कारकून नेमला तरी ती उणीव भरून काढता येत नाही.

प्रथम ‘मृदू ऊतक’ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. हाडे सोडली, पोटातील व छातीतील इंद्रिये सोडली आणि वरची त्वचा सोडली, की जे उरते ते स्थूलमानाने मृदू ऊतक होय: चरबी, स्नायू, कंडरा, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि या सर्वांना बांधून ठेवणारे तंतुमय आवरण. मांडीवर सुईने उभे छिद्र पाडले, तर आधी त्वचा लागेल, मग चरबीचा थर, मग एक चिवट पडदा आणि त्यानंतर स्नायू. मटण साफ करताना मांसावरून पांढरट, न तुटणारा पापुद्रा सोलून निघतो, तो हाच पडदा. शरीरशास्त्रात त्याला प्रावरणी म्हणतात. पुढील सर्व विवेचनात हा पापुद्रा एखाद्या सीमारेषेसारखा वारंवार येणार आहे. गाठ त्याच्या वर आहे की खाली, या एका प्रश्नावर निदानाची दिशा, शस्त्रक्रियेचा आवाका आणि संकेतांक ही तिन्ही अवलंबून असतात.

मृदू ऊतकातील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. त्यांत चरबीची गाठ, म्हणजे वसार्बुद, सर्वांत अधिक आढळते. ती हाताखाली सरकते, दुखत नाही आणि रुग्ण दहा-दहा वर्षे तिच्याकडे लक्ष देत नाही. मारक गाठी, ज्यांना सार्कोमा असे नाव आहे, त्या विरळा असतात. प्रौढांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत त्यांचा वाटा सुमारे एक टक्का मानला जातो, आणि शंभराहून अधिक साध्या गाठींमागे एखादीच गाठ या जातीची निघते. संकट आहे ते या विरळपणातच. शंभर वेळा साधी निघालेली वस्तू एकशे एकाव्या वेळीही साधीच असेल, असे मानण्याकडे मनाचा कल असतो. म्हणून काही खुणा घालून दिलेल्या आहेत: गाठ पाच सेंटिमीटरांहून मोठी असणे, प्रावरणीच्या खाली असणे, भराभर वाढणे, दुखू लागणे आणि एकदा काढल्यावर त्याच जागी पुन्हा येणे. यांतली एक जरी खूण दिसली, तरी सुरी हाती घेण्यापूर्वी प्रतिमा काढून आणि बायॉप्सी करून निदान पक्के करावे, असा दंडक आहे.

समजा, म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर तालुक्यात तंबाखू पिकवणाऱ्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या उजव्या मांडीवर गाठ आली आहे. वर्षभर ती लिंबाएवढी होती. तंबाखूची पाने भट्टीतून काढण्याच्या धांदलीत तिच्याकडे पाहायला सवड झाली नाही. आता ती मोसंब्याएवढी झाली आहे. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. जवळच्या एखाद्या लहान रुग्णालयात भूल देऊन तासाभरात गाठ काढून घ्यायची, किंवा बस धरून म्हैसूरला यायचे आणि कृष्णराजेंद्र रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे. हे रुग्णालय म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. महाविद्यालय १९२४ साली बंगळूरमध्ये स्थापन झाले आणि १९३० साली म्हैसूरला आले. संस्थानी काळापासून आसपासच्या जिल्ह्यांतील गरीब रुग्णांचा ओघ याच दिशेने वाहत आला आहे.

पहिली वाट सोपी दिसते, आणि गाठ खरोखरच साधी असेल तर ती सोपी ठरतेही. पण गाठ सार्कोमा असेल तर काय घडते ते लक्षात घेतले पाहिजे. सार्कोमा वाढताना आजूबाजूचे ऊतक दाबत जातो आणि त्याच्याभोवती एक खोटे वेष्टण तयार होते. शस्त्रवैद्याच्या बोटांना ते खऱ्या वेष्टणासारखे लागते. शेंगेतून दाणा सोलावा तशी गाठ अलगद सुटून येते आणि सर्वांना समाधान वाटते. परंतु त्या वेष्टणात आणि त्याच्या बाहेरही रोगाच्या पेशी पसरलेल्या असतात. त्या मागे राहतात आणि काही महिन्यांनी गाठ पुन्हा उभी राहते. पहिला छेद मांडीवर आडवा घेतला असेल, तर दुसऱ्या वेळी त्या सबंध आडव्या पट्ट्यासह मांस काढावे लागते, कारण सुरी जिथे जिथे गेली तिथे तिथे रोग पोहोचला असे मानावे लागते. म्हणूनच हातापायांवरच्या संशयित गाठींचा छेद अवयवाच्या लांबीला समांतर घेण्याचा प्रघात आहे. ही चूक जगभर होत आली आहे. ती हलगर्जीपणानेच होते असेही नाही. शंभर वसार्बुदे काढलेल्या सरावलेल्या हातांकडूनच ती अधिक होते.

अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद विल्यम एनेकिंग यांनी १९८० साली अशा गाठींच्या शस्त्रक्रियांचे चार प्रकार सांगितले, ते आजही शिकवले जातात. गाठीच्या आतच शिरून ती तुकड्यांनी काढणे हा पहिला. वेष्टणाला लागून सोलून काढणे हा दुसरा. भोवतालच्या निरोगी ऊतकाच्या थरासह, गाठ डोळ्यांना न दिसता काढणे हा तिसरा. आणि ज्या कप्प्यात ती वाढली तो स्नायूंचा कप्पा संपूर्ण काढणे हा चौथा. रुग्णाच्या कागदावर मात्र या चारहींसाठी पुष्कळदा एकच वाक्य लिहिलेले असते: ‘गाठ काढली.’ संकेतांकांचे सगळे शास्त्र या एका वाक्याशी चाललेले भांडण आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आजारांना क्रमांक देण्याची पद्धत शस्त्रक्रियांच्या आधीची आहे. तिचा आरंभ मृत्यूंच्या नोंदींतून झाला. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. देशोदेशींनी ती स्वीकारली, वेळोवेळी सुधारली, आणि १९४८ साली सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने तिची जबाबदारी घेतली. आज आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण म्हणून ओळखली जाते ती हीच. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली; तरीही दहाव्या आवृत्तीचे क्रमांक अनेक रुग्णालयांच्या अंगवळणी पडलेले आहेत. तीत अवयवावरील वसार्बुद ‘डी १७.२’ या जागी येते आणि पायाच्या मृदू ऊतकाचा कर्करोग ‘सी ४९.२’ या जागी. गाठ साधी की मारक हे ठरत नाही, असे खुद्द विकृतिशास्त्रज्ञानेच म्हटले असेल, तर त्यासाठी ‘डी ४८.१’ अशी निराळी जागा आहे. अहवाल अद्याप आलेला नाही म्हणून ही तिसरी जागा वापरणे हे मात्र चूक होय. ‘माहीत नाही’ आणि ‘तपासूनही ठरत नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत.

शस्त्रक्रियांची सर्वमान्य यादी करणे त्याहून कठीण गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ साली वैद्यकीय प्रक्रियांचे एक वर्गीकरण प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध केले. परंतु शस्त्रक्रियेचे तंत्र इतक्या वेगाने बदलत होते की ते अद्ययावत ठेवणे संघटनेला झेपले नाही. मृत्यूची कारणे फार सावकाश बदलतात, शस्त्रक्रियेच्या युक्त्या दर वर्षी बदलतात. परिणामी प्रत्येक देशाने आपापली यादी केली. त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध झाली ती अमेरिकन वैद्यक संघटनेने १९६६ साली काढलेली ‘सीपीटी’ ही यादी. आरंभी तिचे क्रमांक चार अंकी होते, १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते पाच अंकी झाले. डॉक्टरचे देयक याच क्रमांकावर ठरत असल्यामुळे तेथे क्रमांकाच्या प्रत्येक शब्दावर काथ्याकूट होतो.

मृदू ऊतकातील गाठींच्या बाबतीत या यादीत २०१० साली मोठा बदल झाला, आणि तो उद्बोधक आहे. त्यापूर्वी पाठीवरील गाठ काढण्यासाठी ‘२१९३०’ हा एकच क्रमांक होता. समूळ उच्छेदनासाठी ‘२१९३५’ हा दुसरा. लिंबाएवढी उथळ गाठ आणि स्नायूंत रुतलेला नारळाएवढा गोळा, दोन्ही पहिल्याच क्रमांकात बसत. २०१० नंतर तीन प्रश्न विचारले जाऊ लागले. गाठ शरीराच्या कोणत्या भागावर आहे? प्रावरणीच्या वर आहे की खाली? आणि केवढी आहे? पाठीवरची त्वचेखालील गाठ तीन सेंटिमीटरांहून लहान असेल तर ‘२१९३०’, तीन किंवा अधिक असेल तर ‘२१९३१’. प्रावरणीखालची गाठ पाच सेंटिमीटरांहून लहान असेल तर ‘२१९३२’, पाच किंवा अधिक असेल तर ‘२१९३३’. समूळ उच्छेदनाचेही असेच दोन भाग झाले. मांडीवरच्या गाठींसाठी नवे क्रमांक देताना तर जागाच उरली नव्हती; म्हणून ‘२७३२७’ च्या पाठोपाठ ‘२७३३७’ आणि त्यानंतर ‘२७३२८’ असा उलटसुलट क्रम पुस्तकात छापावा लागला. जुन्या पेठेत दोन वाड्यांच्या मध्ये नवे घर उठले, की पोस्टमनची जी अवस्था होते तीच येथे वाचणाऱ्याची होते.

केवढी आहे, या प्रश्नाचे उत्तरही दिसते तितके सरळ नाही. नियम असा की गाठीचा सर्वांत मोठा व्यास घ्यायचा आणि ती पुरती निघावी म्हणून भोवतालचे जे निरोगी ऊतक घेणे आवश्यक होते त्याची कमीत कमी रुंदी त्यात मिळवायची. गाठ २.४ सेंटिमीटरांची असेल आणि दोन्ही बाजूंना ०.४ सेंटिमीटर कड घेतली असेल, तर हिशेबी माप ३.२ सेंटिमीटर होते आणि क्रमांक बदलतो. हे माप शस्त्रक्रियेच्या वेळीच घ्यावे लागते. याचे कारण केवळ व्यावहारिक नाही. शरीराबाहेर काढलेले ऊतक आक्रसते आणि फॉर्मालिनमध्ये ठेवल्यावर आणखी आक्रसते. विकृतिशास्त्रज्ञाच्या पट्टीवर येणारा आकडा शस्त्रवैद्याने पाहिलेल्या गाठीचा आकडा नसतो. टेबलापाशी पट्टी धरली नाही, तर खरे माप नंतर कोणालाही सापडत नाही.

आणखी एक भेद येथे सांगितला पाहिजे, कारण अनुभवी लोकही त्यात गफलत करतात. त्वचेतच उगम पावलेले चामखीळ, तीळ किंवा घर्मग्रंथी-तैलग्रंथींच्या पुटकुळ्या मृदू ऊतकात मोडत नाहीत. त्यांची जागा त्वचेच्या प्रकरणात आहे. गाठ कोठे दिसते यापेक्षा ती कोठून उगवली हे निर्णायक ठरते.

रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांच्या शस्त्रक्रियांसाठी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आणखी एक पद्धत आली. तिचा घाट अगदी वेगळा आहे. तीत क्रमांक पाठ करायचे नसून सात अक्षरांनी ते रचायचे असतात. प्रत्येक अक्षर एका प्रश्नाचे उत्तर असते. आपल्या हुणसूरच्या शेतकऱ्याची गाठ चरबीच्या थरात असती, तर संकेत झाला असता ‘०-जे-बी-एल-०-झेड-झेड’. पहिले शून्य म्हणजे शस्त्रक्रिया, ‘जे’ म्हणजे त्वचेखालील ऊतक व प्रावरणी, ‘बी’ म्हणजे छेदन, ‘एल’ म्हणजे उजवी मांडी, पुढचे शून्य म्हणजे उघडी शस्त्रक्रिया. शेवटचे दोन ‘झेड’ म्हणजे आत काही बसवले नाही आणि आणखी काही सांगायचे नाही. गाठ स्नायूत असती तर ‘जे’च्या जागी ‘के’ आणि ‘एल’च्या जागी ‘क्यू’ आला असता. केवळ परीक्षेसाठी तुकडा घेतला असता, तर शेवटचे अक्षर ‘एक्स’ झाले असते. इंग्रजी वर्णमालेतील ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे या पद्धतीत वापरलीच जात नाहीत, कारण घाईत ती एक आणि शून्य यांसारखी दिसतात. या पद्धतीतील ‘छेदन’ या शब्दाची व्याख्याही ध्यानात घेण्याजोगी आहे: शरीराच्या एखाद्या भागाचा अंश काढणे म्हणजे छेदन, आणि तो भाग सगळा काढणे म्हणजे उच्छेदन. साहजिकच गाठ संपूर्ण निघाली तरी ते छेदनच ठरते. गाठ हा शरीराचा भाग नव्हे, ती शरीराच्या भागात राहणारी आगंतुक आहे, असे त्या व्याख्येमागील गृहीत आहे.

भारतात या दोन्हींपैकी कोणतीच पद्धत सरकारी रुग्णालयांत चालत नाही. येथे शस्त्रक्रियांच्या याद्या आरोग्य योजनांच्या पोटी जन्माला आल्या, आणि त्या बाबतीत कर्नाटकाचा अनुभव जुना आहे. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ‘यशस्विनी’ योजना जून २००३ मध्ये प्रत्यक्षात सुरू झाली. आरंभी माणशी वर्षाला साठ रुपये भरून शेतकऱ्याला सुमारे सोळाशे प्रकारच्या शस्त्रक्रियांचे संरक्षण मिळत असे. पुढे २०१० साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी ‘वाजपेयी आरोग्यश्री’ आली. मार्च २०१८ मध्ये ‘आरोग्य कर्नाटक’ ही योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तिची केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी सांगड घालण्यात आली. ‘यशस्विनी’ तीत विलीन झाली होती. ती २०२२-२३ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे सुरू करण्यात आली.

‘आरोग्य कर्नाटक’ योजनेच्या मूळ यादीत सुमारे १,६५० उपचार होते आणि त्यांची विभागणी गाठीच्या जातीवर नव्हे, तर उपचाराच्या पायरीवर केलेली होती. २९१ साधे द्वितीय स्तरावरील उपचार, २५४ गुंतागुंतीचे, ९०० तृतीय स्तरावरील आणि १६९ तातडीचे. उरलेले थोडे उपप्रकार. साधे उपचार सरकारी रुग्णालयातच घ्यायचे. गुंतागुंतीच्या आणि तृतीय स्तरावरील उपचारांसाठी योजनेत सामील असलेल्या खाजगी रुग्णालयात जाता येई, पण त्यासाठी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागे. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आणि इतरांना ठरलेल्या दराच्या तीस टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत.

या मांडणीत शेतकऱ्याची गाठ कोठे बसते? ती ‘साधी गाठ’ म्हणून नोंदली गेली, तर ती सरकारी रुग्णालयातच, सामान्य शस्त्रवैद्याकडून काढली जाणार. ती ‘सार्कोमा’ म्हणून नोंदली गेली, तर तृतीय स्तरावरची दारे उघडणार: प्रतिमाचित्रण, कर्करोग शल्यविशारद, पुढे किरणोपचार. येथे सेंटिमीटर मोजून पैसे मिळत नाहीत, नावावर मिळतात. म्हणून नाव चुकले, तर नुसता हिशेब चुकत नाही, रुग्ण वेगळ्याच इमारतीत जाऊन बसतो.

केंद्राच्या यादीत २०१९ च्या सुधारणेपासून प्रत्येक उपचाराला सहा चिन्हांचा संकेत आहे. आरंभीची दोन अक्षरे विद्याशाखा सांगतात: ‘एसजी’ म्हणजे सामान्य शस्त्रक्रिया, ‘एससी’ म्हणजे कर्करोग शस्त्रक्रिया, ‘एसबी’ म्हणजे अस्थिशल्य. पुढील तीन अंक उपचाराचे आणि शेवटचे अक्षर त्याच्या पोटभेदाचे. २०२२ च्या यादीत असे १,९४९ उपचार होते. त्याच वेळी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती आणि जागतिक आरोग्य संघटनेचे आरोग्यप्रक्रियांचे नवे वर्गीकरण यांच्याशी ही यादी जुळवण्याचे काम हाती घेतले. त्या नव्या वर्गीकरणात प्रत्येक प्रक्रियेचे तीन घटक असतात: कोणत्या भागावर, कोणती कृती, कोणत्या मार्गाने. १९७८ साली अर्धवट राहिलेले काम असे चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा पुढे आले आहे.

महाराष्ट्राने हीच वाट २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू करून धरली. तिच्या यादीत ९७१ उपचार होते. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. सीमाभागाच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की २०२३ साली महाराष्ट्र शासनाने कर्नाटकातील ८६५ मराठीभाषक गावांना ही योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावर दोन्ही राज्यांत वाद माजला. वादाची राजकीय बाजू येथे प्रस्तुत नाही. मात्र बेळगाव जिल्ह्यातील एखाद्या रुग्णाची एकच गाठ दोन राज्यांच्या दोन याद्यांत दोन नावांनी नांदू शकते, ही गोष्ट संकेतांकांच्या अभ्यासकाला चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही.

सर्वच याद्यांना छळणारी अडचण वेळेची आहे. योजनेची पूर्वमंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते आणि गाठीची खरी जात पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर कळते. बायॉप्सी आधी केलेली असेल तर ही फट बुजते. ती केलेली नसेल तर मंजुरी ‘वसार्बुद’ या नावाने आलेली असते, आणि आठवड्याने येणाऱ्या अहवालात ‘लायपोसार्कोमा’ असा शब्द निघतो. कर्करोगशास्त्रातील वर्गीकरणात वसार्बुदाचा संकेत ‘८८५०/०’ आहे आणि लायपोसार्कोमाचा ‘८८५०/३’. पहिले चार अंक तेच. तिरप्या रेषेनंतरचा एक अंक बदलतो. शून्य म्हणजे साधी, एक म्हणजे अनिश्चित, दोन म्हणजे जागच्या जागी असलेला कर्करोग आणि तीन म्हणजे मारक. त्या एका अंकावर पाय राहणार की जाणार, हेही कधीकधी ठरते. म्हणूनच काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही निरुपद्रवी दिसली तरी, तपासणीसाठी पाठवलीच पाहिजे. तपासणीचे थोडे पैसे वाचवावेत म्हणून गाठ बादलीत टाकली जाते, आणि रुग्ण वर्षाने परत येतो तेव्हा पहिली गाठ काय होती हे सांगणारे जगात कोणी नसते.

हे संकेत केवळ पैशांसाठी असते तर त्यांची एवढी उठाठेव करण्याचे कारण नव्हते. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८२ पासून बंगळूरच्या किदवाई संस्थेत तशी नोंदणी होऊ लागली, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून रुग्ण शोधले. अशा नोंदणीत ‘मांडीची गाठ काढली’ एवढ्या वाक्याला जागाच नसते. तिला अवयव, जात आणि वर्तन हे तिन्ही अंक हवे असतात. ज्या रुग्णाच्या कागदावर ते नाहीत, तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने कधी आजारीच पडलेला नसतो.

जुन्या कागदाचे मोल काय असते याचे एक उदाहरण खुद्द म्हैसूरमध्येच आहे, जरी ते गाठींचे नाही. तेथील होल्ड्सवर्थ स्मारक मिशन रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नियमाने नोंदला जात असे. त्या परिचारिकांपुढे कोणतेही संशोधन नव्हते. वजन करायचे आणि वहीत लिहायचे, हा शिरस्ता होता. सुमारे साठ वर्षांनी संशोधकांनी त्या वह्या उघडल्या आणि त्यांत नोंदलेल्या, आता प्रौढ झालेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी केली. जन्मतः कमी वजनाच्या व लहान चणीच्या व्यक्तींमध्ये हृदयविकार अधिक आढळतो, असा निष्कर्ष १९९६ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वहीत ‘बाळ ठीक’ एवढेच लिहिले असते, तर हे काहीच कळले नसते.

हुणसूरच्या शेतकऱ्याकडे परत यायचे, तर समजा, तो म्हैसूरला आला. मोठ्या रुग्णालयात त्याच्या मांडीचे चुंबकीय चित्र काढले गेले, उभ्या रेषेत सुई घालून बायॉप्सी झाली आणि दहा दिवसांनी मंजुरीसह शस्त्रक्रिया पार पडली. शस्त्रक्रियेच्या टिपणात चार ओळी अशा असतील: उजव्या मांडीच्या पुढल्या बाजूस, प्रावरणीखाली, स्नायूत गाठ. शस्त्रक्रियेच्या वेळी माप ८ सेंटिमीटर, सर्व बाजूंनी निरोगी ऊतकाची कड घेतली, खोल बाजूस कड सर्वांत कमी. गाठ न फोडता एकसंध काढली. वरची कड ओळखता यावी म्हणून नमुन्यास लांब टाका, आतल्या कडेस आखूड टाका घातला व नमुना तपासणीस पाठवला. किरणोपचारासाठी तो ज्या दुसऱ्या रुग्णालयात जाईल, तेथील डॉक्टर त्याला ओळखत नसतील आणि पहिल्या शस्त्रवैद्यालाही नाही. झोत कोठे रोखायचा हे ते या चार ओळींवरून ठरवतील.